पेन्शनीनंतरचे उपचार: एका नर्सिंग असिस्टंटचा अनुभव

मी आर्मी मेडिकल कोरमधून २०१७ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. २०२३ च्या जानेवारीपासून पुढे साधारण दीड वर्ष मी मानसिक उपचार घेतले. ते सुरू कसे झाले, कुठे काय कागद लागले, किती थांबावं लागलं, खिशातून किती गेले आणि त्या खोलीत नेमकं काय चालतं, हे सगळं इथे लिहून ठेवतो आहे. मी शोधत होतो तेव्हा आपल्यातल्या कुणी मराठीत लिहिलेलं मला काही मिळालं नाही. "मला कशाची भीती वाटत नाही, मी झोपेतून ओरडत उठत नाही, मग मला झालंय तरी काय?" असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

जे घडलं ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०११ चा हिवाळा, लडाखमधली एक उंच पोस्ट. मी एका पायदळ पलटणीला नर्सिंग असिस्टंट म्हणून जोडलेला होतो. आरएमओ साहेब, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, खाली बटालियन मुख्यालयात, वर पोस्टवर वैद्यकीय माणूस म्हणजे मी एकटा. दुपारी वाटेवर बर्फाचा कडा सुटला. दोघांना बाहेर काढलं. एक आमचा जवान, मांडीचं हाड मोडलेलं. दुसरा पोर्टर, नुब्रा खोऱ्यातला, सामान वाहायला आमच्याबरोबर असायचा. त्याच्या छातीला मार होता, श्वास उथळ, ओठ निळे पडत चाललेले. मी रेडिओवरून दोघांची नाडी, श्वास, रक्तदाब सांगितला आणि पोर्टरला पहिली प्रायॉरिटी दिली. त्या उंचीवर चीता हेलिकॉप्टर फार वजन उचलत नाही. एका खेपेला एकच माणूस जाणार होता. वरून हुकूम आला की जवानाला आधी पाठवा, पोर्टरला पुढच्या सॉर्टीत, म्हणजे हेलिकॉप्टरच्या पुढच्या फेरीत. का, ते मला सांगितलं गेलं नाही. त्यामागे रास्त कारण असेलही. आजही मला ते माहीत नाही.

हेलिकॉप्टर गेलं तेव्हा पलीकडच्या शिखरावर ढग उतरायला लागले होते. त्या पोस्टवर मी तीन महिने काढले होते. असं आभाळ झालं की दुसरी सॉर्टी येत नाही, हे मला कळत होतं. पोर्टरने विचारलं, "साब, मेरा?" मी म्हणालो, "अगला तेरा है. बस, आ ही रहा है." रात्रभर तो विचारत राहिला आणि मी तेच सांगत राहिलो. पहाटेच्या आधी तो गेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, ते त्याच्या घरच्यांचं आहे.

नोकरीत असताना मी हे कुणाजवळ बोललो नाही. याचं कारण फौजेतला प्रत्येक जण जाणतो, पण घरच्यांना माहीत नसतं. आपली मेडिकल कॅटेगरी 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत ठरते आणि त्यातलं पहिलं 'एस' हे मनाचं असतं. तिथे आकडा वाढला की माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो. मग बढती, सेवा वाढवून मिळणं, हवी ती पोस्टिंग, सगळ्यावर प्रश्नचिन्ह. मनोविकार विभागात पाठवायचं म्हटलं की युनिटकडून एएफएमएसएफ-१० हा फॉर्म भरून घेतात. त्यात कमांडिंग ऑफिसरला त्या जवानाच्या वागण्याबद्दल लिहावं लागतं. मी स्वतः एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, असे फॉर्म हाताळले होते. एखाद्याचा फॉर्म निघाला की बराकीत त्याच्याकडे कसं बघतात, हे मी पाहिलेलं होतं. २०१७ ला रिलीज मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे फौज सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीत, "काही तक्रार?" असं विचारलं तेव्हा मी "नाही साहेब" म्हणालो.

घरी आल्यावर लोक म्हणाले, तुला काय, कुठल्याही दवाखान्यात नोकरी मिळेल. मिळालीच असती. मी मात्र एका एजन्सीमार्फत बँकेत हत्यारी गार्ड झालो. बारा बोअरची बंदूक आणि तिचा परवाना माझ्याच नावावर होता. दवाखान्याच्या वासाने मला काही होत नव्हतं, रक्त बघून काही होत नव्हतं. आजारी माणसाच्या डोळ्यांत बघून काही आश्वासन द्यायचं म्हटलं की मात्र जीभ उचलत नसे. घरातही तसंच. मुलगी सहलीला जायचं म्हणाली आणि पैशाची ओढ असली, तर "पुढच्या वेळी जा" एवढं साधं वाक्य माझ्याच्याने म्हणवत नव्हतं. बायकोने म्हटलं तर मी तिच्यावर भडकायचो. १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला बोलावत, शाल-श्रीफळ देत. दोन वर्षं गेलो, मग शेतात पाणी धरायचंय असं सांगून टाळायला लागलो. नव्या घराची सत्यनारायणाची पूजा भावाला बसवून उरकली. कॅन्टीनचा दारूचा कोटा महिना संपायच्या आत संपू लागला.

हे असं कदाचित आयुष्यभर चाललं असतं. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली. गावच्या शाळेत विलगीकरण कक्ष उघडला आणि सरपंचांनी मला हात जोडले. मी गेलो. एका दुपारी १०८ ची गाडी आली, तालुक्याला एकच ऑक्सिजनचा बेड मोकळा होता आणि आमच्याकडे न्यायला दोघं होते. एका बाईंना पाठवलं. शेजारच्या खाटेवरचे आजोबा माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडून निघालं, "आबा, पुढची गाडी तुमची." ते आजोबा संध्याकाळी दुसऱ्या गाडीने गेले आणि बरे होऊन घरीही आले. पण मी त्या रात्री शाळेतून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. त्यानंतर झोप गेली. पुढच्या वर्ष-दीड वर्षात मी माणसांतून उठलो. आपण जिवंत राहायला नको होतं, असा विचार आधी कधीतरी यायचा, तो नंतर रोजचा झाला.

जानेवारी २०२३ मध्ये रात्रपाळीला बँकेच्या केबिनमध्ये बसून मी १४४१६ वर फोन लावला. हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेला. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि त्या रात्री मला कुणी ओळखपत्र मागितलं नाही. पलीकडच्या मुलीने पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का? जवळ काही धोक्याची वस्तू आहे का?" माझ्या मांडीवर बंदूक होती. मी तसं सांगितलं. ती घाबरली नाही, उपदेशही केला नाही. बंदूक लॉकरमध्ये ठेवून येईपर्यंत ती फोनवर थांबली. मग सकाळी घरातल्या कुणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरकडे जायचं, एवढंच तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, टेलि-मानसचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष सुरू झाला. मी फोन केला तेव्हा तो नव्हता. तरी साध्या क्रमांकावर माझं काम भागलं.

सकाळी बायकोला सांगितलं. सगळं नाही, फक्त "मला डॉक्टरकडे जायचंय, डोक्याच्या" एवढंच. ती म्हणाली, "अहो, मी कधीची वाट बघतेय."

आता कागदपत्रांचं. ईसीएचएस ही माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे आणि मानसिक आजार तिच्याबाहेर नाहीत. पद्धत अशी: आधी पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा स्वतःचा दवाखाना, तिथल्या मेडिकल ऑफिसरने तपासायचं, मग ऑनलाइन रेफरल निघतं, ते घेऊन पॅनेलवरच्या रुग्णालयात. रेफरलप्रमाणे जे होतं त्याचे पैसे आपल्याला भरावे लागत नाहीत. कार्ड आणि आधार बरोबर ठेवायचं. सकाळी लवकर गेलं तर टोकन मिळतं. मला खरी अडचण होती ती रांगेची. पॉलिक्लिनिकमध्ये सगळे ओळखीचे. कुणाचं गुडघ्याचं, कुणाचं साखरेचं. "तुझं काय रे?" म्हणून तिथे विचारणारच. मी "झोप लागत नाही" म्हणून सांगायचो. ते खोटंही नव्हतं आणि पुरेसंही होतं. मेडिकल ऑफिसरपुढे मात्र दार बंद करून घ्या आणि स्पष्ट सांगा की मला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा. फक्त झोपेचं सांगितलं तर झोपेची गोळी हातात पडते आणि माणूस परत घरी.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा, जी मला उशिरा कळली. रेफरल लिहिताना मनोविकारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचाही सल्ला हवा आहे असं नमूद करून घ्या, आणि ज्या रुग्णालयाचं नाव निवडताय तिथे असं माणूस नेमलेलं आहे का, हे आधी फोन करून विचारा. यादीत मनोविकार विभाग असतो; बोलून उपचार करणारं माणूस तिथे असेलच असं नाही.

रेफरल हातात पडायला आणि तज्ज्ञांची तारीख मिळायला मिळून तीन-साडेतीन आठवडे गेले. हा काळ सर्वांत कठीण. फोन केला, घरी सांगितलं, आता बरं वाटायला हवं असं वाटत राहतं आणि काहीच हलत नाही. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी शेजारच्या एका माजी सुभेदारांबरोबर चालायला जायचो. त्यांना काही माहीत नव्हतं. पण "साहेब, सहाला येतो" म्हटल्यावर जावं लागायचं, आणि तेवढा एक तास सुरळीत जायचा.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत बंदुकीचं विचारलं. घरात किंवा हातात हत्यार असताना मी औषध सुरू करून तुम्हाला घरी पाठवणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. निवडणुकीच्या वेळी करतो तसंच. अर्ज दिला, परवान्याची झेरॉक्स जोडली, पावती घेतली. ती पावती जपून ठेवा. एजन्सीला मी "तब्येतीमुळे काही महिने हत्यारी ड्यूटी नको" एवढंच लिहून दिलं. त्यांनी एटीएमवर बिनहत्यारी ड्यूटी दिली आणि महिन्याला साडेतीन हजार रुपये कमी झाले. आजाराचं नाव त्यांना सांगितलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर आणि रुग्णालयावर बंधनकारक आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. फौजेतल्या फॉर्मच्या धास्तीने जे माजी सैनिक अजूनही जात नाहीत, त्यांनी हे लक्षात घ्यावं की पेन्शनवर आल्यावर एएफएमएसएफ-१० भरायला कुणी सीओ साहेब नसतात.

तपासणीत एक वीस प्रश्नांचा तक्ता भरून घेतला. त्याला पीसीएल-५ म्हणतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार, एकूण ८०. एकतीस-तेहतीसच्या पुढे गेलं की आघातानंतरच्या तणावविकाराची, म्हणजे पीटीएसडीची, नीट तपासणी करतात. माझे ३४ आले. दचकण्याच्या, सतत सावध राहण्याच्या प्रश्नांपुढे मी शून्य लिहिलं होतं. स्वतःला दोष देणं, लाज, माणसांपासून तुटणं, आनंद न वाटणं, झोप, इथे तीन आणि चार. कागदावर पीटीएसडी आणि नैराश्य असं निदान लागलं. सर्ट्रालीन सुरू झालं, आधी २५ मिलिग्रॅम, मग ५०, पुढे १००. पहिले दहा-बारा दिवस मळमळ आणि अस्वस्थपणा. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, हे मला नर्सिंगमुळे माहीत होतं, तरी तिसऱ्या आठवड्यात गोळ्या फेकून द्याव्यात असं वाटलं. फेकू नका. आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. औषधं पॉलिक्लिनिकमधून मिळाली. एखादं नसलं की फार्मासिस्ट तसा शेरा मारून मागवून घेई, त्याला काही दिवस लागत. म्हणून आठवड्याभराच्या गोळ्या हाताशी असतानाच पुढची चिठ्ठी घेऊन जायचं.

औषधाने झोप आली. मरणाचे विचार मागे हटले, हे फार मोठं काम औषधाने केलं. दारू मी एप्रिलमध्ये थांबवली, कारण डॉक्टरांनी गोळ्या आणि दारू एकत्र चालणार नाही असं सांगितलं होतं आणि बायकोने कॅन्टीन कार्ड स्वतःकडे घेतलं. पण आतलं ओझं तसूभर हललं नाही. त्या रुग्णालयात बोलून उपचार करणाऱ्यांकडे प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं मिळत. तिसऱ्या भेटीत मी हिय्या करून पोर्टरचं सांगितलं. समोरचे गृहस्थ भले होते. ते म्हणाले, "तुमची काही चूक नव्हती. हुकूम वरून आला होता. हवामान कुणाच्या हातात असतं?"

हेच मला बायकोही पुढे म्हणाली, भाऊ म्हणाला, एक जुना साथीदार म्हणाला. सगळ्यांनी मायेपोटीच म्हटलं. पण ते ऐकलं की माझं तोंड मिटायचं. कारण ते ज्याच्याबद्दल बोलत होते, ते मला खात नव्हतं. हुकूम माझा नव्हता, हे मलाही कळत होतं. "अगला तेरा है" हे वाक्य कुणाच्या हुकमावरून आलं नव्हतं.

मे महिन्यात डॉक्टरांनाच विचारलं की याच्यासाठी खास शिकलेलं कुणी आहे का. त्यांनी पुण्यातल्या एका मॅडमचं नाव दिलं. खासगी, म्हणजे पैसे खिशातून. पहिल्या भेटीचे १,५००, पुढे प्रत्येक वेळी १,२००, शिवाय एसटीचं भाडं आणि ड्यूटीचा खाडा. आम्ही मुलीच्या नावाची एक छोटी ठेव मोडली. बायकोने ते ठरवलं, मी नाही. ज्यांना झेपत नाही त्यांनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागात चौकशी करावी. तिथे वेळ लागतो पण खर्च फार कमी येतो. आणि कुणाकडेही जा, भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी आहे का ते विचारा. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला ती लागते. नंबर विचारल्यावर रागावणाऱ्याकडे परत जाऊ नये, असं माझं मत आहे.

जून २०२३ ची पहिली भेट. सगळं ऐकून झाल्यावर मॅडमनी "तुमची चूक नव्हती" म्हटलं नाही. "तुमची चूक होती" असंही नाही. त्यांनी विचारलं, "त्या वेळी पेशंटशी वागण्याचा तुमचा स्वतःचा नियम काय होता?" मी म्हणालो, पेशंटला खोटं सांगायचं नाही. लखनौच्या सेंटरमध्ये आमच्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे जो नियम तुम्हाला सगळ्यात प्रिय होता तो त्या रात्री तुमच्याच तोंडून मोडला. मग दुखणारच. दुखतंय कारण तो नियम अजून जिवंत आहे." मी त्या खोलीत तासभर रडलो. आधीच्या बारा वर्षांत रडलो नव्हतो.

त्यांनीच मला मॉरल इंज्युरीबद्दल, म्हणजे नीतीला बसलेल्या घावाबद्दल, सांगितलं. बोस्टनमधले मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना हे ओळखलं. जीव पणाला लागलेला असताना वरच्या माणसाने जे योग्य ते मोडलं, की खालच्याच्या मनात असा घाव राहतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे २००९ मध्ये ब्रेट लिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात आणखी भर घातली: आपल्या हातून घडलेलं, आपण थांबवू न शकलेलं, डोळ्यांदेखत घडलेलं, असं काहीही, जे आपल्या खोलवरच्या नीतीला छेद देतं. माझ्याकडे दोन्ही होतं, वरून आलेला हुकूम आणि माझं वाक्य. डॉक्टरांच्या आजारांच्या यादीत हे स्वतंत्र निदान म्हणून नाही, त्यामुळे तुमच्या कागदावर ते लिहिलेलं दिसणार नाही. माझ्या कागदांवर शेवटपर्यंत पीटीएसडी आणि नैराश्यच आहे. पीटीएसडीचे अनेक उपचार भीतीवर बेतलेले आहेत: घाबरवणारी आठवण पुन्हा पुन्हा सुरक्षित जागी बसून सांगायची म्हणजे तिची धार जाते. माझ्या आठवणीत भीती नव्हतीच. ती कितीही वेळा सांगितली तरी लाज तेवढीच राहिली असती.

जुलै-ऑगस्टमध्ये एक काम बरेच आठवडे चाललं. पोर्टरच्या मृत्यूला कोण कोण किती जबाबदार, याचे वाटे कागदावर मांडायचे. बर्फ, हवामान, हेलिकॉप्टरची ताकद, हुकूम देणारे, एका पोस्टवर एकच नर्सिंग असिस्टंट ठेवणारी व्यवस्था, मी. सुरुवातीला मी स्वतःकडे जवळजवळ सगळं घेतलं. हळूहळू ते खाली आलं. मग मी म्हणालो, "मॅडम, मरणाचे वाटे झाले. पण खोटं बोललो त्याचा वाटा कुणाला देऊ? तो पूर्ण माझा आहे." मला वाटलं त्या आता समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "हो, तो तुमचाच आहे. त्याचं काय करायचं ते आता बघू." मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं म्हणणं खरं मानलं होतं.

सप्टेंबरमधली एक भेट मी विसरणार नाही. समोर रिकामी खुर्ची. तिथे पोर्टर बसलाय असं धरून त्याच्याशी बोलायचं, आणि मग त्याच्या जागी बसून उत्तर द्यायचं. मला हे आधी नाटकी वाटलं, म्हणून दोन वेळा मी पुढे ढकललं. त्यांनी ढकलू दिलं. शेवटी बोललो, हिंदीतच, कारण आमची तीच मोडकीतोडकी भाषा होती. त्याच्या खुर्चीत बसल्यावर माझ्या तोंडून शिव्या येतील असं वाटलं होतं. आलं ते एवढंच: "साब, आपको पता था ना?" मी माझ्या खुर्चीत येऊन म्हणालो, "हाँ. पता था." "तो क्यों बोला?" "तू घाबरू नयेस म्हणून," हे लगेच आलं. मग बराच वेळ गेला आणि दुसरं आलं, जे मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं: "खरं सांगितलं असतं तर तुझ्या डोळ्यांत बघत रात्र काढावी लागली असती. ते मला झेपलं नसतं." दया आणि स्वतःचा बचाव, एकाच वाक्यात दोन्ही होतं. आजवर मी त्यातलं एकच खरं धरत आलो होतो.

त्यानंतरचे तीन-चार दिवस वाईट गेले. झोप उडाली, जेवण गेलं. मॅडमनी आधीच बजावलं होतं आणि मी पुढच्या दिवशीची ड्यूटी बदलून घेतली होती. तुम्हीही घ्या. घरी कुणालातरी सांगून ठेवा की हे दोन-तीन दिवस मला एकटं सोडू नका पण काही विचारूही नका.

पुढच्या टप्प्यात असं माणूस डोळ्यांसमोर आणायचं होतं ज्याच्यापुढे खोटं बोलता येणार नाही आणि जे आपल्याला टाकूनही देणार नाही. मी उस्ताद निवडले. त्यांना सगळं सांगितलं. ते काय म्हणाले असते, असं मॅडमनी विचारलं. उस्ताद फार बोलणारे नव्हते. ते म्हणाले असते, "ग़लत बोला. अब अगले मरीज़ को मत बोलना." मला यात हलकं वाटलं, कारण "अगले मरीज़" यात पुढचं काम होतं. मी मात्र सहा वर्षं कामच टाळत बसलो होतो.

पोर्टरच्या घरच्यांना पत्र लिहावं असं मला वाटे. लिहिलं, मॅडमसमोर वाचलं. आम्ही बरंच बोललो: हे पत्र त्यांच्यासाठी आहे की माझ्यासाठी? आपला माणूस शांतपणे गेला असं समजून एक घर इतकी वर्षं जगत असेल, तर माझं मन मोकळं व्हावं म्हणून ते मोडायचा मला हक्क नाही, असं माझं मत झालं. पत्र पाठवलं नाही. दुसऱ्या कुणाचं मत वेगळं होईल.

बायकोला पूर्ण गोष्ट मी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितली, मॅडमच्याच खोलीत. तिने पहिल्यांदा पोर्टरचं नाव विचारलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय." तिच्यासाठी पुढे मॅडमनी दोन भेटी वेगळ्या ठेवल्या. घरच्यांनाही हे सगळं सोसावं लागतं, आणि त्यांच्यासाठीही वेळ मागून घ्यायला हरकत नसावी. आम्हाला ते कुणी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

आठवड्याच्या भेटी जानेवारी २०२४ पासून पंधरवड्यावर आल्या आणि जूनमध्ये थांबल्या. सर्ट्रालीन ५० वर आलं आहे आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी होतंय. कधीकधी, विशेषतः आभाळ भरून आलं की, ती रात्र येते. तशी ती यायचीच, असं मी धरून चाललो आहे. पीसीएल-५ मध्ये शेवटी १६ आले.

अपंगत्व पेन्शनबद्दल मला बरेच जण विचारतात. मी दावा केला नाही, कारण रिलीज बोर्डात माझी काही नोंदच नव्हती आणि त्या वेळी दोन लढाया लढायची ताकद नव्हती. पण ज्यांना करायचा आहे त्यांनी पहिल्या रेफरलपासूनचा प्रत्येक कागद, प्रत्येक चिठ्ठी तारखेनुसार लावून ठेवावी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटकांना भेटावं. जे अजून नोकरीत आहेत आणि त्रास होतोय, त्यांनी रिलीज बोर्डासमोर "नाही साहेब" म्हणू नये, एवढं मी हात जोडून सांगेन.

गार्डची नोकरी मी सोडली. बंदूक अजून जमाच आहे. २०२४ च्या हंगामापासून एका साखर कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत काम करतो. ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोयता लागलेला, विंचू चावलेला, बाळंतपण जवळ आलेली बाई. गाडीला किती वेळ लागेल असं विचारलं की मी खरं सांगतो: चाळीस मिनिटं, कधी तासही लागतो, तोवर मी इथे आहे. माणसं ऐकून घेतात.

गेल्या महिन्यात मेडिकल कोरमधल्याच एका साथीदाराचा फोन आला. एका मोठ्या अपघातात कुणाला आधी उचलायचं हे त्याला ठरवावं लागलं होतं. त्याने दहा मिनिटं हवापाण्याचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं. मी त्याला १४४१६ दिला, रेफरलमध्ये चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ लिहून घ्यायला सांगितलं आणि घरात हत्यार आहे का ते विचारलं. त्याची पॉलिक्लिनिकची तारीख सोमवारची आहे. मी त्याच्याबरोबर जाणार आहे, रांगेत बसायला.